सुळ्याला बांधलेला पतंग

मुकुलभाई मजमुदारांनी आयुष्यात शूरपणा एकदाच केला, आणि तोही दातांच्या दवाखान्यात, दाराची कडी हातात घट्ट धरून.

खुर्चीत त्यांची मुलगी पंक्ती बसली होती. आठवीतली. तिने ओठ असे मिटून घेतले होते की त्यातून चहाचा घोटही आत गेला नसता. डॉक्टर ख्याती शेलत हातात छोटा आरसा घेऊन तिच्यासमोर शांतपणे थांबल्या होत्या. पंक्तीच्या वरच्या दातांची कमान अरुंद होती. घोड्याच्या नालेसारखी गोल हवी, ती होडीच्या टोकासारखी निमुळती झाली होती. जागा पुरेना म्हणून दात जुन्या खाडिया पेठेतल्या घरांसारखे एकमेकांच्या खांद्यावर चढून उभे होते. नाव पंक्ती आणि तोंडात गर्दी, असं शेजारचे रमणिककाका येता-जाता म्हणत, आणि तेव्हापासून ती तोंडावर हात धरूनच बोलायची.

"आत्ता हिचं हाड ओल्या मातीसारखं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तार लावली की कमान हळूहळू उघडेल. दोन-तीन वर्षं थांबलात, तर माती पक्की होईल. मग हेच काम ऑपरेशनचं."

'ऑपरेशन' हा शब्द ऐकला तेव्हाच मुकुलभाईंनी कडी धरली होती.

"दुखत नाही गं," त्यांची बायको फाल्गुनीबेन म्हणाली.

"अजिबात नाही," मुकुलभाईंनी दारातून दुजोरा दिला.

"सगळे खोटं बोलतात," पंक्ती मिटल्या ओठांतून म्हणाली. "पप्पा, तुम्ही लावाल?"

"लावीन की!"

काही वाक्यं माणूस बोलत नाही, ती त्याच्या तोंडून निसटतात. मुकुलभाईंनी ते वाक्य परत आत ओढायचा प्रयत्नही केला असावा, कारण त्यांचं तोंड थोडा वेळ उघडंच राहिलं. तेवढा वेळ डॉक्टरांना पुरला. त्यांनी छोटी बॅटरी तिकडे वळवली आणि नवीन जातीचं फुलपाखरू सापडल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला.

"अरे वा, मुकुलभाई! तुमची तर हिच्याहून अरुंद आहे. खालचे दात तर गर्दीत हिरड्यांमधून बाहेर ढकलले जातायत. तुम्हाला खरंच गरज आहे."

"माझी माती पक्की झाली असेल ना?" मुकुलभाईंनी आशेने विचारलं.

"झालीये. हाड नाही हलणार फारसं. पण दात बाहेरच्या बाजूला थोडे सरकतील, कमान थोडी उघडेल. वेळ लागेल, एवढंच."

पंक्तीने ओठ उघडले. आरसा आत जाण्याआधी तिने अट घातली. "ज्या दिवशी पप्पांचं निघेल, त्या दिवशी माझं पण निघणार. चालेल?"

"चालेल," असं सगळ्यांच्या वतीने फाल्गुनीबेन म्हणाली.

इथे मुकुलभाईंच्या भीतीबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण ती साधी भीती नव्हती. तिला अभ्यासाची बैठक होती. ते विमा कंपनीत दावे तपासायचे. माणसाला काय काय होऊ शकतं हे त्यांना विषयवार ठाऊक होतं. गिझर लावताना ते न्हाणीघराबाहेर उभे राहायचे. लिफ्टमध्ये कधी मधोमध उभे राहत नसत, कारण एका दाव्यात मधोमध उभा राहिलेला माणूस होता. घरात कुणी शिंकलं तर त्याला आधी कुठे जाऊन आलास हे विचारलं जायचं.

फक्त एका बाबतीत हा माणूस वाघ होता. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला. गच्चीच्या कठड्यावर एक पाय देऊन ते पतंग असा उडवायचे, की खाली फाल्गुनीबेन देवाला दिवा लावून बसायची. आणि त्यातही त्यांची खरी कीर्ती होती ती कन्नीची, म्हणजे पतंगाला दोरा बांधण्याची. पतंगाला कन्नी बांधली की उरलेला दोरा तोडावा लागतो. मुकुलभाईंचा वरचा एक दात शेजारच्यावर तिरका चढला होता, आणि त्या दोघांमध्ये एक बारीक खाच तयार झाली होती. दोरा त्या खाचेत घालायचा, मान हलकी झटकायची, टच्. पात्याने कापल्यासारखा. आदल्या संध्याकाळी अख्खी पोळ, म्हणजे सगळी गल्ली, आपापले पतंग घेऊन त्यांच्या ओट्यावर रांग लावायची. आसपासच्या कुठल्याही गच्चीवर कात्री नसायची. लागायचीच नाही. मुकुलभाईंचं तोंड होतं ना.

म्हणजे दात सरळ होणं हे नुसतं दुखणं नव्हतं. ते पदावरून उतरणं होतं.

तारा बसवायच्या आदल्या दिवशी ते एकटेच दवाखान्यात गेले.

"डॉक्टर, एक विचारू? मला नुसत्या दिसण्यापुरत्या चिकटवता येतील का? म्हणजे मुलीचं समाधान…"

"नाटकाचं सामान मी ठेवत नाही मुकुलभाई," डॉक्टर म्हणाल्या. "आणि ती मला तुमचं तोंड तपासायला लावेल. हुशार आहे ती."

दुसऱ्या दिवशी बापलेक शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसले. आधी गुलाबी, थंड, पिठल्यासारखा लगदा तोंडात भरून दातांचा साचा घेतला. पंक्ती डोळे मिटून, नाकाने श्वास घेत बसली. मुकुलभाईंना वाटलं आपला घसा बंद होतोय, आणि त्यांनी नर्सचा दुपट्टा धरला. मग प्रत्येक दातावर एक बारीक धातूचा चौकोन चिकटवला. सुळ्यावरच्या चौकोनाला पुढे रबर अडकवायला एक इवलासा आकडाही होता. शेवटी सगळ्यांमधून तार ओवली. ती तार सरळ नव्हती. तिला दातांपेक्षा रुंद अशी कमान आधीच दिलेली होती.

"तार आपल्या आकारात परत जायचा प्रयत्न करते, दात तिच्यामागे जातात," डॉक्टरांनी समजावलं. "जोर किती? मूठभर बोरांच्या वजनाइतका. पण सतत. दात ज्या बाजूला सरकतो तिथलं हाड विरघळतं, मागच्या बाजूला नवीन भरतं."

"विरघळतं?" मुकुलभाई म्हणाले. वाक्याचा उत्तरार्ध त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही.

दोन दिवसांनी त्यांनी जिभेने पुढचा दात चाचपला आणि तो हलला. खरंच हलला. आंघोळ अर्धी टाकून, टॉवेल गुंडाळून ते आरशासमोर गेले आणि तोंड मिटून ऑफिसला निघाले, ते संध्याकाळपर्यंत कुणाशी बोललेच नाहीत. बोलताना पडला तर?

"सगळे दात थोडे हलतात," डॉक्टर फोनवर म्हणाल्या. "हलायलाच हवेत. नाही हलले तर सरकतील कसे?"

हे शास्त्रशुद्ध होतं आणि म्हणूनच भयानक होतं.

शेजाऱ्यांनी धीर द्यायला सुरुवात केली. रमणिककाकांची गच्ची मुकुलभाईंच्या गच्चीला लागूनच होती, मध्ये गुडघाभर कठडा. काका वीज मंडळातून निवृत्त झाले होते आणि प्रत्येक गोष्टीत त्यांना विजेचा धोका दिसायचा.

"तोंडात धातू, मुकुल! ढग गडगडले की ओठ मिटून घरात बस. मोबाईल या बाजूला लावू नकोस. आणि माझ्या साडूच्या जावयाचं माहीत आहे ना?"

"काय झालं त्यांना?"

"तार काढली, सगळे दात तारेबरोबर आले. मक्याच्या कणसासारखे."

"काका, असं नसतं हो," फाल्गुनीबेन म्हणाली.

"असं नसतं हेच तोही म्हणत होता. म्हणजे, म्हणायचा प्रयत्न करत होता."

मुकुलभाई त्या रात्री जेवले नाहीत. तसंही जेवण म्हणजे खिचडी-कढी होती. फाफडा बंद, खाखरा बंद, चिक्कीचं नावही नको. सकाळी गाठिया ताटात यायचे आणि चहात बुडून, शेवाळ्यासारखे होऊन पोटात जायचे. समोर पंक्ती तेच खात असायची, तोंडावर हात धरून. दोघं एकमेकांकडे बघायचे. ती त्यांचं तोंड तपासायची. "आ करा. हं. आहे सगळं." मग स्वतः आ करायची.

ऑफिसात आणखी एक प्रकार झाला. हजेरीचं यंत्र चेहरा बघून दार उघडायचं. तारांमुळे मुकुलभाईंचा वरचा ओठ पुढे आला होता. यंत्राने त्यांच्याकडे बघितलं, विचार केला, आणि 'व्यक्ती अनोळखी' असं सांगितलं. त्यांनी ओठ आत ओढला, मान तिरपी केली, हसून बघितलं. हसल्यावर तर यंत्राने धोक्याची शिटीच वाजवली. वरच्या साहेबांनी सांगितलं, डॉक्टरचं पत्र आणा, की तुम्ही तुम्हीच आहात. डॉक्टर शेलत म्हणाल्या, मी फक्त दातांपुरतं सांगू शकते. शेवटी शिपायाच्या हजेरीबरोबर 'सोबत एक पाहुणा' म्हणून मुकुलभाई काही आठवडे स्वतःच्या ऑफिसात जात राहिले. बावीस वर्षं या माणसाने एकही सही चुकवली नव्हती. आता ते पाहुणे होते.

अनेकदा त्यांच्या मनात आलं, बस झालं. पण पंक्तीची कमान दर भेटीला थोडी थोडी उघडत होती. डॉक्टर जुना साचा आणि नवा साचा शेजारी ठेवून दाखवायच्या. होडीचं टोक बोथट होत चाललं होतं. खांद्यावर चढलेले दात जमिनीवर उतरायला लागले होते. आता थांबलं तर सगळं पुन्हा मागे सरकणार होतं, हेही त्या सांगायच्या. आणि पंक्ती अजून तोंडावर हात धरूनच होती. तिला तार काढायला फक्त एक निमित्त हवं होतं. ते आपल्या तोंडातून निघणार नाही, एवढी एकच गोष्ट मुकुलभाईंच्या हातात होती.

उत्तरायण आली.

आदल्या संध्याकाळी ओट्यावर नेहमीसारखी रांग लागली. मुकुलभाईंनी पहिली कन्नी बांधली, दोरा सवयीने तोंडाकडे नेला आणि थबकले. खाच आता तारेच्या मागे होती. नीट बघितलं तर खाच जवळजवळ उरलीच नव्हती.

"डॉक्टरांनी दोरा तोडायची मनाई केली आहे," त्यांनी जाहीर केलं.

रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "मग आम्ही काय करायचं?" जणू नळाचं पाणी कायमचं गेलं. माणसं कन्नीचे लोंबते दोरे घेऊन तशीच घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा असा होता की आभाळच पतंगांनी हलत होतं. सगळ्या गच्च्यांवर गाणी, ऊस, बोरं, उंधियूचा वास. रमणिककाकांनी माईक आणला होता आणि स्वतःच्या पेचांचं धावतं वर्णन ते स्वतःच करत होते. मुकुलभाई कठड्यावर पाय देऊन उभे राहिले. भीती पायऱ्यांवरच उरली होती. फिरकी फाल्गुनीबेनच्या हातात. पंक्ती पाण्याच्या टाकीला टेकून उभी, रुमाल तोंडाशी.

पलीकडच्या रस्त्यावरच्या एका हिरव्या पतंगाने पेच टाकला. मुकुलभाईंनी ढील दिली. आणि नेमकी तेव्हाच बोटावरची चिकटपट्टी सुटली.

सात वर्षांचे असल्यापासून अशा वेळी ते जे करत आले, तेच त्यांनी केलं. दोरा क्षणभर दातांत धरला, दोन्ही हातांनी पट्टी गुंडाळली, आणि दोरा परत हातात घेतला.

दोऱ्याबरोबर डोकंही आलं.

त्यांनी पुन्हा ओढलं. डोकं पुन्हा आलं. मांजा तारेखालून जाऊन सुळ्याच्या आकड्यात पक्का अडकला होता. एक टोक आभाळात, एक फिरकीवर, आणि मध्ये मुकुलभाई. वर वारा होता आणि तो वारा आता थेट त्यांच्या जबड्याशी बोलत होता. मूठभर बोरांचा हिशेब केव्हाच संपला होता.

"आँ," ते म्हणाले.

"काय झालं पंक्तीचे पप्पा?"

"आँ. आँ!"

फाल्गुनीबेनला कळलं आणि तिने फिरकी जागच्या जागी धरली. "अगं बाई! दोरा तोडा कुणीतरी!"

दोन्ही गच्च्यांनी तिच्याकडे असं बघितलं, की ती जणू चालत्या आरतीत दिवा विझवायला सांगत होती. पेच लागलेला असताना आपलाच दोरा? आपल्या हाताने? लोक तसं करत नसतात. आणि करायचं म्हटलं तरी कशाने? कात्री दे, कात्री दे, असं सगळे एकमेकांना म्हणाले, आणि मग सगळ्यांच्या नजरा वळत वळत मुकुलभाईंच्या तोंडावर येऊन थांबल्या. अख्ख्या पोळेची एकुलती एक कात्री दोऱ्याला लटकत होती.

"हलू नकोस मुकुल!" रमणिककाका माईकमधूनच म्हणाले. "लक्ष द्या! मुकुल मजमुदार दाताला अडकले आहेत! पतंग शाबूत आहे!"

मुकुलभाईंना सगळे दावे एकदम आठवले. काचेचा मांजा, मऊ ओठ. जिभेला काहीतरी खारट लागलं. ते रक्त आहे की सकाळची चटणी, हे ठरवायचं धाडस त्यांना होईना. मक्याचं कणीस डोळ्यांसमोर आलं.

तेवढ्यात काका कठडा ओलांडून आले. हातात पक्कड. निवृत्त झाले तरी पक्कड त्यांच्या कमरेलाच असायची.

"सोपं आहे. दोऱ्याला हात लावायचा नाही. तार उपटू. सगळं मोकळं. आ कर."

मुकुलभाईंना, खरं सांगायचं तर, त्या क्षणी पक्कड देवासारखी दिसली. एक हिसका, आणि सगळं संपलं. खिचडी संपली, पाहुणेपण संपलं. आणि ते आपण होऊन केलेलं नव्हतं, अपघात होता. दावा मंजूर झाला असता. त्यांनी डोळे फिरवले. टाकीपाशी पंक्ती उभी होती. रुमाल तोंडाशी तसाच, पण डोळे त्यांच्या तोंडावर. वाट बघणारे.

मुकुलभाईंनी जोरात मान हलवली. नाही.

मान हलली, दोरा सरकन् खेचला गेला, आणि वर हिरवा पतंग कापला जाऊन भेलकांडत निघाला.

"काप्योऽऽ!" काका माईकशिवायच ओरडले. मग भानावर आले. "मुकुल, आ कर बेटा. हट्ट नको."

नाही. मान पुन्हा हलली. एक जांभळा पतंग, जो नुकताच जवळ आला होता, तोही गेला.

"काप्योऽऽ!" आता चार गच्च्या ओरडल्या. पलीकडे कुणीतरी शिट्टी वाजवली. कुणाच्याही हातात दोरा नसताना मजमुदारांचा पतंग कापत सुटला होता.

"काका, त्यांना सोडा ना!" फाल्गुनीबेन.

"अगं सोडवतोच आहे! मुकुल, शेवटचं सांगतो, तार काढू दे. तुझे दात गेले तर मी जबाबदार नाही!"

मुकुलभाईंचे दोन्ही डोळे पाण्याने भरले होते. भीती इतकी होती की ती अंगात मावत नव्हती. त्यांनी डोळे मिटले आणि सर्वशक्तीने मान हलवली. नाही!

टच्.

तो आवाज पतंगाचा नव्हता. दोरा त्यांच्या ओठावरून घसरला आणि हातात आला. वर पतंग तसाच डौलात उभा. आजूबाजूला पुन्हा 'काप्यो' सुरू झालं होतं, कारण काकांच्या नातवाचा पतंग या खेपेला गेला होता. पण मुकुलभाईंनी जीभ सुळ्यावर नेली. धातूचा चौकोन दातावर नव्हता. तो तारेवर मोकळा लोंबत होता, झुलणाऱ्या कानातल्यासारखा.

पंक्ती जवळ आली. तिने वडिलांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "आ करा."

त्यांनी आ केलं. ती बराच वेळ बघत राहिली.

"पप्पा, निघालं."

"मी नाही काढलं गं," ते म्हणाले. आवाज त्यांचाच होता पण आठवीतल्या मुलाचा वाटत होता. "मी नाही म्हणत होतो. तू बघितलंस ना? मी प्रत्येक वेळी नाहीच म्हणालो."

"बघितलं."

"अटीत… म्हणजे अपघाताचं काही आपण बोललो नव्हतो…"

"एकच निघालंय पप्पा," पंक्ती म्हणाली. "बाकी सगळं आहे. एकाला निघालं म्हणत नाहीत." तिने खिशातून डॉक्टरांनी दिलेली मेणाची डबी काढली, छोटी गोळी केली आणि लोंबणाऱ्या चौकोनावर नीट बसवली, ओठाला लागू नये म्हणून. "उद्या वासी उत्तरायणची सुट्टी, दवाखाना बंद. परवा जाऊ. मी येते तुमच्याबरोबर."

मुकुलभाईंनी मान डोलावली. अगदी हळू, कारण वर पतंग होता. मग कुजबुजले, "परवा दुखेल का गं?"

"दुखेल," पंक्ती म्हणाली. "पण मी असते ना शेजारच्या खुर्चीत."

रमणिककाकांनी पक्कड कमरेला लावली, माईक उचलला आणि घसा साफ केला. "मुकुल मजमुदार, हात न लावता तीन पतंग! आता निकाल कोण जाहीर करणार?"

पंक्तीने त्यांच्या हातातून माईक घेतला. रुमाल तिने टाकीवर ठेवला होता. माईक दोन्ही हातांनी धरावा लागत होता. तिने तोंड उघडलं, पूर्ण उघडलं, आणि उन्हात वरची अख्खी रांग, आता बरीच सरळ झालेली, चमकली.

"काप्योऽऽऽ!"

पलीकडच्या तीन रस्त्यांपर्यंत आवाज गेला. तिकडच्या गच्चीवर कुणीतरी उलट ओरडलं.

मुकुलभाई कठड्यावरचा पाय खाली घेऊन, पतंग सांभाळत उभे होते. फिरकी धरलेल्या बायकोला ते हळूच म्हणाले, "फाल्गुनी, तिला सांग, माईकला हात लावू नकोस. तोंडात धातू आहे. काका म्हणतात ते अगदीच खोटं नसतं."